‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेल्या बाटलीने बाबांच्या गाडीचं काय केलं

गाडी बाबांची आहे, गडद निळ्या रंगाची. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नवीकोरी गाडी घेतली, तीही निवृत्तीनंतर. रोज सकाळी ते स्वतः ती पुसायचे. पुढे गुडघे दुखायला लागले, वाकवेना, तेव्हा गाडी धुवायचं काम मी अंगावर घेतलं. नुकसान माझ्या गाडीचं झालं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. पण बाबांच्या गाडीचं झालंय, आणि तेच सामान अजून विकलं जातंय. म्हणून सगळं सविस्तर सांगते.

एका प्रदर्शनात ‘घरच्या घरी गाडी धुण्याचा संपूर्ण संच’ विकणारा स्टॉल होता. संचात होता ‘पीएच न्यूट्रल’ (म्हणजे ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू, रंगावर कडक संरक्षक थर बसवतो म्हणणारा ‘९एच सिरॅमिक’ स्प्रे, ओरखडे घालवणारं ‘नॅनो’ कापड, ‘८०० जीएसएम’चे चार मायक्रोफायबर टॉवेल आणि बॅटरीवर चालणारी पाण्याची गन. टेबलावर एक सुटं काळं बोनेट ठेवलेलं होतं. विक्रेता बोलायला गोड. “ताई, मी सांगणार नाही, तुम्हीच डोळ्यांनी बघा,” म्हणाला.

मी बघितलं. त्याने बोनेटवर मार्करने रेघ मारली आणि कापडाने पुसून टाकली. किल्लीने हलकीशी रेघ ओढली, तीही कापडाखाली नाहीशी झाली. स्प्रे मारून पाणी ओतलं, तर मोत्यांसारखे थेंब घरंगळत गेले. पेन्सिल घासली, ओरखडा नाही. शेवटी बोनेटवर थोडं लायटरचं इंधन टाकून पेटवलं. ज्वाळा विझल्यावर हात फिरवला, रंग जसाच्या तसा. माझ्यासकट सगळे थक्क झाले.

आज यातली प्रत्येक गोष्ट मला उलगडून सांगता येते. मार्करची शाई तेलकट द्रावणाने निघतेच, ती रंगावर बसलेली असते, रंगात शिरलेली नसते. किल्लीची बारीक रेघ गेली नव्हती, कापडातल्या तेलाने भरली होती. चर भरली की तिच्यावरून प्रकाश विखुरत नाही, म्हणून ती दिसत नाही. तुमच्या गाडीवर पाणी ओता, बारीक चरे क्षणभर गायब होतात ना, तोच प्रकार. थेंब कुठल्याही मेणावर किंवा सिलिकॉन तेलावर असेच घरंगळतात. आणि भडकून लगेच विझणारी ज्वाळा कंपनीतून आलेला साधा रंगही काही सेकंद सहन करतो, त्यासाठी सिरॅमिक लागत नाही.

‘९एच’चं मात्र नीट समजून घ्या, कारण हा शब्द आता प्रत्येक बाटलीवर दिसतो. हा पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे. ठरावीक दाबाने ९एच पेन्सिल घासूनही थराला चरा पडला नाही, तर तो थर ९एच. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. गाडीवरच्या धुळीत असते वाळू, म्हणजे क्वार्ट्‌झ. खनिजांच्या कडकपणाच्या १० अंकी मापावर क्वार्ट्‌झ ७ वर आणि खिडकीची काच साधारण साडेपाचवर. पेन्सिलीला दाद न देणारा थर वाळूलाही दाद देणार नाही, असा अर्थ त्यातून अजिबात निघत नाही. विक्रेत्याने पेन्सिल दाखवली, वाळूचं नावही काढलं नाही.

संच घेतला. निघताना त्याने जो सल्ला दिला तोच सगळ्यात महागात पडला. “रोज धुवायची गरजच नाही ताई. कोरड्या गाडीवर स्प्रे मारायचा आणि टॉवेलने पुसायचं. धूळ आपोआप उचलली जाते.” मी तसंच केलं. आठवड्यातून तीनदा स्प्रे, रविवारी शाम्पू. गाडी आरशासारखी चमकायची. बाबा खाली येऊन बघायचे आणि खूश व्हायचे. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

दोन महिन्यांनी स्प्रे संपला. त्या रविवारी नुसत्या शाम्पूने धुतली, वाळवली आणि उन्हात काढली. बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे गोल गोल चरे. आधी वाटलं पाणी वाळल्याचे डाग असतील. ओल्या बोटाने पुसलं, ओलं असेपर्यंत गेले, वाळल्यावर परत आले. छत, दरवाजे, डिकी, जिथे जिथे टॉवेल फिरला होता तिथे सगळीकडे तेच. खिडक्यांखालच्या चंदेरी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरट ओघळ होते. ते घासूनही जाईनात. बाबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता वर गेले.

पेंटिंगचं काम करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावून दाखवलं. प्रायमर, त्यावर रंगाचा थर, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, सगळं मिळून साधारण ११० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉनच असतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. मी पाडलेले चरे त्यातच होते. काका म्हणाले, “रबिंग-पॉलिश करून कमी होतील. पण रबिंग म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणणं. दरवेळी करता येत नाही, थर संपला की संपला.”

मग त्यांनी टॉवेल मागितला. मी दिला. त्यांनी तो तळहातावर ओढला आणि मला म्हणाले, “आता त्याला हात लाव.” चांगल्या मायक्रोफायबरचे तंतू चिरलेले असतात, ते तळहाताच्या खरखरीत कातडीला हलकेच चिकटतात. हा सुळकन सरकत होता, अस्तराच्या कापडासारखा. बोनेटवर पाणी शिंपडून पुसलं तर पाणी शोषलं जाण्याऐवजी पुढे ढकललं गेलं. चारी कडांना जाड, कडक दोऱ्याची शिवण होती.

घरी येऊन मी टॉवेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. हे तुम्हीही करू शकता. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. टॉवेल ४० बाय ४० सेंटिमीटरचा, म्हणजे ०.१६ चौरस मीटर. खरंच ८०० जीएसएम असता तर वजन १२८ ग्रॅम भरायला हवं होतं. काटा ४५ वर थांबला, म्हणजे जेमतेम २८०. २८०चा टॉवेल वाईट असतोच असं नाही, काच किंवा दरवाजाच्या कडा पुसायला तो चालतो. पण छापलेल्या आकड्याच्या जवळपास एक तृतीयांश माल हातात दिला, ही सरळ फसवणूक आहे.

शाम्पूचं तर त्याहून वाईट. पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे सहज मिळतात. बाटलीतला एक थेंब पाण्यात मिसळून पट्टी बुडवली. ‘न्यूट्रल’ म्हणजे ७च्या आसपास, पट्टी हिरवटसर राहायला हवी होती. ती गडद निळी झाली. रंगपट्टीशी ताडून बघितली तर ११. पीएचचं माप असं असतं की एक अंक वाढला की अल्कलीपणा दहा पटीने वाढतो, म्हणजे ७ आणि ११मध्ये १०,००० पटींचा फरक. ॲल्युमिनियमला तीव्र आम्लही सोसत नाही आणि तीव्र अल्कलीही. खिडक्यांखालच्या पट्ट्यांवरचे पांढरे ओघळ कुठून आले ते तेव्हा कळलं. तसा अल्कलीयुक्त फोम गाडी धुण्याच्या धंद्यात वापरतात, पण तो लेबलवर तसं लिहून विकला जातो, पातळ करून मारतात आणि वाळायच्या आत धुऊन टाकतात. मला तर “पाच मिनिटं मुरू द्या” असं सांगितलं होतं.

शाम्पू मधासारखा दाट होता आणि मला ते कसदार असल्याचं लक्षण वाटलं होतं. साबणाच्या पातळ द्रावणात मीठ घातलं तरी ते दाट होतं, हे मला आता कळतंय. फेसाचंही तसंच, फेस भरपूर आला म्हणजे मळ जास्त निघतो असं नाही.

आता सगळं एकत्र ठेवून बघा. कोरड्या धुळीवर टॉवेल फिरत होता, वाळूचे कण रंगावर घासले जात होते, चरे पडत होते. आणि त्याच वेळी स्प्रेमधलं तेल ते चरे भरून झाकत होतं. दोन महिने मी दर दोन दिवसांनी गाडी घासत होते आणि घासल्याचं दिसत नव्हतं. संचातली एक वस्तू दुसरीचं पाप झाकत होती. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण नुकसान लगेच दिसलं असतं तर मी दुसऱ्याच आठवड्यात थांबले असते.

‘४८’ छापलेल्या पाण्याच्या गनची बॅटरी आमच्या शेजारच्या इलेक्ट्रिशियनने उघडली. आत पाच लिथियम सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे १८ व्होल्ट. ४८ व्होल्टला तसे १३-१४ सेल लागतात. आकड्यापुढे नुसतं ‘व्ही’ नव्हतं, ‘व्हीएफ’ लिहिलं होतं. व्होल्टच वाटावं, पण पकडलं तर व्होल्ट म्हटलंच नव्हतं म्हणता यावं, अशी ती सोय.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला सील तोडलेला माल परत घेत नाही, मग म्हणाला तुमचं पाणी जड असेल, मग नंबर लागेनासाच झाला. पावतीवर दुकानाचं नाव होतं, पत्ता नव्हता. बाटलीवर उत्पादकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, घटकांची यादी नाही. घेताना मी यातलं काहीच वाचलं नव्हतं, फक्त पुढचं रंगीत लेबल बघितलं होतं.

चिडून मी हा अनुभव माझ्या फोन नंबरसकट चार ठिकाणी लिहिला. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा फोन आला. “मॅडम, आम्ही कंपनीतून बोलतोय, तुमचे पैसे परत करायचेत. क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.” मी फोनवर कोड उघडलाही होता. बाबा बाजूला बसले होते, म्हणाले, “पैसे येणार असतील तर पिन कशाला?” मी हात मागे घेतला. एकदा फसलेल्या माणसाची तक्रार वाचून त्यालाच पुन्हा गाठणारे लोक असतात, हे मला माहीत नव्हतं. पैसे खात्यात यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. तक्रार जरूर करा, पण तिच्यात स्वतःचा नंबर लिहू नका.

आता मी काय वापरते ते विचारलंत तर यादी फार छोटी आहे. दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. लांब तंतूंचा एक धुण्याचा हातमोजा, तो दरवेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा. चाकांसाठी वेगळं फडकं, ते रंगाला कधीही लागत नाही, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. हात लावण्याआधी भरपूर पाणी सोडून धूळ उतरवायची, सावलीत, बोनेट थंड असताना. कोरडं फडकं धुळीवर अजिबात फिरवायचं नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. टॉवेल धुताना सॉफ्टनर घालत नाही, त्याने तंतू बुजतात आणि पाणी शोषलं जात नाही. भांड्यांचा साबण मी वापरत नाही, तो रंगावरचं मेण उतरवतो.

नवीन शाम्पू आधी लहान बाटलीत घेते, पट्टी बुडवते, मग दरवाजा उघडल्यावर आत जी कड दिसते तिथे लावून बघते. खऱ्या सिरॅमिक कोटिंगबद्दलही चौकशी केली. ते बहुधा ३० ते ५० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत येतं, हवेतल्या ओलाव्यानेही घट्ट होऊ लागतं, आधी रंग पूर्ण साफ करून पॉलिश करावा लागतो आणि लावल्यावर गाडी निदान एक दिवस कोरडी ठेवावी लागते. अर्ध्या लिटरच्या स्प्रेच्या बाटलीत, धुळकट गाडीवर मारून पुसायचं जे मिळतं ते यातलं नव्हे. कोणी प्रात्यक्षिक दाखवत असेल तर एवढंच म्हणा की हा भाग आता साध्या शाम्पूने दोनदा धुवा, वाळवा आणि उन्हात दाखवा. माझ्या विक्रेत्याचं बोनेट सबंध वेळ ओलं नाहीतर तेलकट होतं आणि मंडपाच्या सावलीत होतं.

काकांनी एकदाच हलकं पॉलिश केलं. बोनेट बरंच सुधारलं, छतावरचे दोन चरे खोल होते. नख फिरवलं की अडकतं, ते त्यांनी मुद्दाम सोडून दिले. पट्ट्यांवरचे ओघळ गेले नाहीत, त्या बदलाव्याच लागतील. शाम्पूची अर्धी बाटली मी फेकलेली नाही. निळी झालेली पट्टी तिच्या गळ्याला रबराने बांधून ठेवली आहे. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचा मुलगा त्याच रंगाची बाटली घेऊन आला, सील अजून तोडलेलं नव्हतं. बाबांनीच त्याला आत बोलावलं आणि माझी बाटली त्याच्यासमोर ठेवली.