नेर्हा की आल्मुन्येकार?

दक्षिण स्पेनमधल्या मालागा विमानतळावरून किनाऱ्याने पूर्वेला निघाले की सुमारे 65 किलोमीटरवर नेर्हा लागते आणि आणखी वीसेक किलोमीटरवर आल्मुन्येकार. समुद्रावर झुकलेला प्रसिद्ध सज्जा आणि 1959 साली सापडलेल्या गुहा यांमुळे नेर्ह्यात वर्दळ अधिक असते, आणि मोक्याच्या सदनिकेचे भाडेही त्याच मानाने मोजावे लागते. आल्मुन्येकारचा किनारा करड्या वाळूचा, गोट्यांचा. उन्हात अनवाणी चालण्याची सोय नाही. तरीही स्वतः रांधून खाणाऱ्यासाठी, माझ्या मते, तेच गाव सरस आहे, कारण भोवतालच्या उतारांवर आंबा, अवोकाडो आणि चिरिमोया पिकतात. चिरिमोया हा आपल्या सीताफळाचा भाऊबंद. साल बरीचशी सपाट, गर सायीसारखा, बिया तशाच काळ्याभोर. हंगाम ऐन हिवाळ्यात, म्हणजे भाडी उतरलेली असतात नेमका तेव्हाच. दोन्हीकडे शेगडी बहुधा विजेची, काचेच्या पृष्ठभागाची असते. पोळ्या करायच्या असतील तर सपाट बुडाचा तवा सोबत न्यावा. चारच दिवस हाताशी असतील, तर मात्र नेर्ह्यातच उतरावे. तिथे बस लवकर पोचते.