नोकरदारांची सोसायटी, दीड वर्षाचा अनुभव: कर्ज लगेच मिळतं, जामीनदाराला मात्र कुणी कळवत नाही

जुलैच्या पगारातून ७,७५४ रुपये जास्तीचे कापले गेले. स्लिपवर नुसतं ‘सोसायटी’ लिहिलेलं, म्हणजे आमची नोकरदारांची पतसंस्था. माझ्या कर्जाचा हप्ता वेगळ्या ओळीत होता, महिन्याची १,००० रुपये वर्गणीही वेगळी. ही तिसरी ओळ कुठून आली ते विचारायला आधी अकाउंट्समध्ये गेले आणि तिथून सोसायटीच्या खिडकीवर. तिथे कळलं, आमच्या सेक्शनमधल्या ज्या मुलाला मी जामीन राहिले होते त्याने एप्रिलपासून हप्ताच भरलेला नाही. दोन लाखांचं कर्ज, ११ टक्के, चार वर्षं, हप्ता ५,१६९. तीन हप्त्यांचे झाले १५,५०७. त्यातले निम्मे माझ्या पगारातून, निम्मे दुसऱ्या जामीनदाराच्या.

तो मुलगा नोकरी सोडून कोल्हापूरकडे, गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात लागला हे मला माहीत होतं. जाताना पेढे देऊन गेला. ‘ताई, हप्ते ऑनलाइन भरतो, काळजी करू नका’ असंही म्हणाला होता. पण भरले की नाही हे मला सांगायची तसदी सोसायटीने घेतली नाही. माझा सगळा राग त्यावर आहे. खाली चांगलंही बरंच लिहिणार आहे, कारण ते खरं आहे. तरी ही एक गोष्ट मी कुणाला विसरू देणार नाही.

भाग (म्हणजे शेअर), वर्गणी, दोन जामीनदार, पगारातून कपात, हे सगळं बेळगावात नोकरी करणाऱ्याला सांगावं लागत नाही. आमची सोसायटी उद्यमबागच्या औद्योगिक पट्ट्यातली. नाव लिहीत नाही, कारण ही तक्रार एकट्या आमच्या सोसायटीची नाही. मच्छे, वडगाव, खानापूरकडच्या ओळखीच्यांना विचारलं तर बहुतेकांनी हेच सांगितलं.

आधी चांगलं. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या अनगोळच्या घराच्या स्लॅबला गळती लागली. अनगोळचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला ती घाई समजेल. बँकेत पर्सनल लोनची चौकशी केली, तर प्रोसेसिंग फी, विमा आणि ‘तुमचा स्कोअर बघून दर सांगतो’. सोसायटीत दीड लाख मागितले. फॉर्मवर दोन सह्या आणि पगाराच्या स्लिपा दिल्या, त्याच आठवड्यात पैसे खात्यावर आले. दर ११ टक्के, तोही उरलेल्या मुद्दलावर. फी नाही, विम्याची सक्ती नाही. कर्जाच्या ५ टक्के, म्हणजे ७,५०० रुपये, भागात अडकतात एवढंच. सभासदत्व सोडताना ते परत मिळतात आणि तोवर त्यावर लाभांश मिळतो, गेल्या वर्षी १० टक्के. माझ्या शेजारणीने त्याच सुमारास मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं, वीस टक्क्यांच्या वर. आठवड्याच्या वसुलीला दारात माणूस उभा. ह्या वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला अध्यादेश काढावा लागला. आमच्या सोसायटीचा माणूस कधी दारात आला नाही. हप्ता पगारातूनच वळता होतो, त्यामुळे हातात पैसे येऊन खर्च होण्याचा प्रश्नच नाही.

दर एवढा कमी कसा परवडतो, हे मी अहवाल नीट वाचला तेव्हा कळलं. सोसायटी बाहेरच्या कुणाकडून पैसे आणत नाही. आमच्याच वर्गण्या आणि ठेवी, त्यावर ७ टक्के व्याज. तोच पैसा आमच्यातल्याच गरजूला ११ टक्क्यांनी. मधल्या चार टक्क्यांत दोन क्लार्क, एक सेक्रेटरी, भाड्याची खोली आणि ऑडिट. उरेल त्या नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, तो कायद्याने टाकावाच लागतो. मग लाभांश. संचालक आमच्यातलेच, पगार न घेणारे. जाहिरात नाही, एजंट नाही, वसुलीची टोळी नाही. जो वाचतो तो खर्च कर्जदाराच्या पदरात पडतो. मी पैशाला जपणारी बाई आहे, मला हा हिशेब फार आवडला.

आणि मालक कोण, तर ज्याच्याकडे भाग आहे तो. एक भाग असो की शंभर, मत एकच. फोरमनचंही एक, स्टोअर्समधल्या माझंही एक.

आमच्याकडे एक निवृत्त मोल्डर सभासद आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. सोसायटी सुरू झाली तेव्हापासूनचे. ते सांगतात, पगाराच्या दिवशी सावकार गेटवरच वही घेऊन उभा असायचा. पाकीट हातात पडायच्या आत त्याचा वाटा गेलेला. मग फौंड्रीतल्या काही जणांनी महिन्याला दहा-दहा रुपये काढायला सुरुवात केली. जमलेल्या पैशातून ज्याची नड मोठी त्याला आधी द्यायचे. पुढे मॅनेजमेंटने पगारातून कापून द्यायला होकार दिला आणि रजिस्ट्रेशन झालं. सावकार गेटवरून हलला तो कायमचा.

ही रीत आपल्या भागाला नवीन नव्हती. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटलांनी देशातली पहिली शेतकरी पतसंस्था उभी केली. लगेच १५ फेब्रुवारी १९०६ ला गोकाक अर्बन ही पतसंस्था नोंदली गेली, २३ फेब्रुवारीला बेळगाव पायोनियर. त्याआधी ९ जानेवारीला पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यातल्या नोकरांची परस्पर मदतीची पतसंस्था नोंदली गेली होती. एका कचेरीत शेजारी-शेजारी बसणारी माणसं एकमेकांना कर्ज देत होती. बॉस्टनचा दुकानदार एडवर्ड फाइलीन १९०७ मध्ये हिंदुस्थानात येऊन खेड्यांतल्या पतसंस्था पाहून गेला आणि १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये क्रेडिट युनियनचा, म्हणजे तिकडच्या पतसंस्थांचा, कायदा झाला त्यामागे तो होता. तिकडेही सभासदांत काहीतरी समान धागा हवा, अशी अट असे. बहुतेक ठिकाणी तो धागा म्हणजे एकच कारखाना किंवा एकच कचेरी.

हे सांगण्याचं कारण जामीन. अशा सोसायटीत सोनं गहाण नसतं, सात-बारा किंवा उतारा नसतो. तारण असतं ते रोज एकाच गेटातून आत जाणाऱ्या माणसांचं. मामांच्या वेळी कुणाचा हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी डबा खाताना जामीनदार त्याला विचारायचा, ‘काय रे, काय अडचण झाली?’ तेव्हा जामीनदाराला कळवायची वेगळी सोय लागतच नव्हती. तो समोरच बसलेला असे.

मग सोसायटी वाढली. आधी शेजारच्या युनिट्समधले कामगार आले, मग पोटनियम बदलून तालुक्यातले सगळे पगारदार, मग निवृत्त लोक. सभासद वाढले तसा पैसा वाढला आणि कर्जाची मर्यादाही वाढली, नाहीतर मला दीड लाख मिळालेच नसते. वाढीला माझा विरोध नाही. पण गेट एक राहिलं नाही आणि जामिनाचा नियम मात्र एका गेटाच्या काळातलाच राहिला. कर्जदार आज उद्यमबागेत, उद्या गोकुळ शिरगावात. राज्य बदललं की इथल्या सोसायटीचं पत्र तिथल्या मालकाच्या टेबलावर नुसतं पडून राहतं. त्याच्याशी कपातीचा करारच नाही. निपाणी, चिकोडी, खानापूरची किती मुलं पलीकडे कोल्हापूरला कामाला जातात! आपल्या भागातल्या सोसायटीने हे गृहीत धरूनच नियम करायला हवेत.

खिडकीवर सेक्रेटरी म्हणाले, ‘ताई, तुम्ही सही केलीय. नियम तसाच असतोय.’

मी म्हटलं, ‘अण्णा, सही मी नाकारत नाही. पैसेही भरीन. पहिला हप्ता चुकला तेव्हा मला का सांगितलं नाही, एवढंच सांगा की.’

‘तशी पद्धत नाही.’

कायदा त्यांच्या बाजूने आहे, हे मी मान्य करते. १८७२ च्या करार कायद्यातलं १२८ वं कलम सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सोसायटीने आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे असं नाही. १४० वं कलम आपल्या बाजूचं आहे: जामीनदाराने पैसे भरले की कर्जदाराकडून वसूल करायचे सावकाराचे हक्क त्याच्याकडे येतात. जामीन राहणाऱ्या प्रत्येकाने ही दोन कलमं वाचावीत आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती सोसायटीकडून मागून घ्यावी. मी मागून घेतली.

पण पद्धत नाही म्हणजे काय? वाढदिवसाला ह्याच सोसायटीचा शुभेच्छांचा मेसेज येतो. व्याज जमा झालं की मेसेज येतो. दिवाळीला येतो, उगादीला येतो. म्हणजे नंबर आहे, यंत्रणा आहे, मेसेजचे पैसे भरलेले आहेत. एप्रिलमध्ये ‘तुम्ही जामीन असलेल्या कर्जाचा हप्ता आलेला नाही’ एवढी एक ओळ आली असती तर मी त्याच दिवशी त्या मुलाला फोन केला असता. ५,१६९ रुपयांवर गोष्ट थांबली असती. नंतर फोन केला तेव्हा तो रडवेला झाला होता. नवीन ठिकाणी दोन महिने पगारच उशिरा झालेला, लाजेने बोलला नाही. एप्रिलमध्ये आम्ही दोघा जामीनदारांनी मिळून तोडगा काढला असता.

त्या महिन्यात मी हा अनुभव लिहिला असता तर एक तारा दिला असता आणि कर्ज फिटताच राजीनामा टाकला असता. माझं मत बदललं ते सप्टेंबरात.

वार्षिक सभा रविवारी एका मंगल कार्यालयात होती. बरेच जण उप्पीट आणि चहा घेऊन, सही करून निघून जातात. मी थांबले. अहवाल एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. थकबाकीचा आकडा दिलेला होता, पण त्यातला किती जामीनदारांच्या पगारातून वसूल केला ते कुठेच नव्हतं. ‘ऐनवेळचे विषय’ आले तेव्हा उभी राहिले आणि दोन मागण्या मांडल्या. पहिला हप्ता चुकला त्याच महिन्यात दोन्ही जामीनदारांना मेसेज, आणि नोकरी सोडणाऱ्याचं कर्ज बाकी असेल तर कारखान्याकडून कळताच सोसायटीने जामीनदारांना बोलावून घेणं. अध्यक्ष म्हणाले, संचालक मंडळात बघू. तेवढ्यात मामा उठले. ‘बघू नको, लिहून घे. आम्ही सोसायटी काढली ती माणसाला सावकारापासून वाचवायला. जामीनदाराला अंधारात ठेवून पगार कापायला नाही.’ मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. माझ्यासारखा अनुभव आलेले बरेच जण आहेत हे तेव्हा कळलं, तोवर कुणी बोललं नव्हतं. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहून घेतलं.

बँकेत मला हे करता आलं असतं का? तिथे तक्रार करायची आणि उत्तराची वाट बघायची. इथे मी उभी राहिले आणि ज्यांनी नियम केला त्यांच्यासमोरच तो बदलायला सांगितला. तेव्हापासून राजीनाम्याचा विचार सोडला.

दिवाळीनंतर मेसेज सुरू झाले. पण दुसरा हप्ता चुकल्यावर, पहिला नव्हे. ‘एकदा कुणाचंही चुकतंय, उगाच माणसाची बदनामी नको’, असं कारण दिलं. मला ते पटलेलं नाही. जामीनदार परका नसतो, त्यानेच सही केलेली असते. हा विषय पुढच्या सभेत पुन्हा येणार, आणि ह्या वेळी लेखी नोटीस देऊन विषयपत्रिकेवर. त्या मुलाने आतापर्यंत मला तीन हजार परत केलेत. हप्तेही पुन्हा सुरू केलेत.

आता नवीन सभासद होणाऱ्यांसाठी. कर्जासाठी जरूर व्हा, ह्या दरात आणि इतक्या कमी कटकटीत दुसरीकडे मिळणार नाही. मोठी ठेव मात्र इथे ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० पासून तेवढी मर्यादा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तिच्यावर देखरेख सहकार निबंधकांची, रिझर्व्ह बँकेची नाही. एक टक्का जादा व्याजासाठी आयुष्यभराची पुंजी इथे टाकणारे निवृत्त लोक मी खिडकीवर पाहते तेव्हा जीव खालीवर होतो. नाममात्र सभासद करून घेत असतील तर नको म्हणा, मत नसेल तर मालकी कसली? आणि जामीन राहायचं असेल तर कर्जदाराकडून महिन्याच्या महिन्याला हप्त्याची पावती फोनवर मागा. त्याला राग आला तरी मागा.

मी माझी मुदत ठेव मुदत संपताच काढून राष्ट्रीयीकृत बँकेत हलवली. भाग आणि वर्गणी तशीच चालू आहे. स्लॅबच्या कर्जाचे थोडेच हप्ते उरलेत, ते फिटल्यावर वरच्या खोलीसाठी पुन्हा इथेच अर्ज करणार आहे. माझ्या दोन्ही जामीनदारांना दर महिन्याला पगाराच्या दिवशी मी हप्त्याचा फोटो पाठवते.