सहा इंची ई-इंक रीडरवर मराठी पुस्तकं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारखा दिसणारा स्क्रीन असलेलं पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला की वाचनात आपोआप लक्ष लागतं, हे अर्धंच खरं आहे. नोटिफिकेशनचा त्रास संपतो, पण मराठी वाचताना चित्त मोडतं ते बहुतेकदा पानाच्या मांडणीमुळे. ती एकदा नीट लावली, की तासभर सलग वाचन सहज होतं.

सगळ्यात जास्त छळते ती स्कॅन केलेली पीडीएफ. जुनी मराठी पुस्तकं बहुधा याच रूपात मिळतात आणि त्यात पान म्हणजे नुसतं चित्र, त्यामुळे फॉन्ट वाढवता येत नाही. डेमी (पुस्तकाचा एक नेहमीचा आकार) पान साडेपाच इंच रुंद, तर सहा इंची रीडरचा स्क्रीन (सहा इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप) रुंदीला जेमतेम 3.6 इंच. म्हणजे अक्षर छापील अक्षराच्या 65 टक्के होतं, अनुस्वार आणि रफार शोधावे लागतात. मग दोन बोटांनी पान मोठं करा, सरकवा, ओळ हरवा, पुन्हा शोधा. यात वाचन होतच नाही.

उपाय सोपा आहे. आधी पानाचे समास, म्हणजे कडेची कोरी जागा, कापा. मजकुराची रुंदी साधारण सव्वाचार इंच धरली, तर अक्षर 85 टक्क्यांवर येतं. मग रीडर आडवा धरा. रुंदी 4.8 इंच मिळते आणि अक्षर छापील पुस्तकापेक्षा थोडं मोठंच दिसतं. एका पानाचे तीन तुकडे होतात, पण पुढे जायला एक टिचकी पुरते, आणि लक्ष टिकायला तेवढंच हवं असतं. 'कोरीडर' या मोफत ॲपमध्ये समास आपोआप कापले जातात. त्यातला रीफ्लो (ओळी तोडून मजकूर स्क्रीनच्या रुंदीत नव्याने मांडण्याची सोय) मात्र जपून वापरा. छपाई दाट असेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो आणि दोन ओळी एक समजल्या जाऊन मजकूर विस्कटतो.

ईपबमध्ये, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणाऱ्या ई-पुस्तकात, हा त्रास नाही. तिथे ओळींमधलं अंतर फॉन्टच्या दीडपट ठेवा आणि मजकूर डावीकडे जुळवा. दोन्ही कडा जुळवल्या, तर मराठीतले लांब सामासिक शब्द पुढच्या ओळीत जातात आणि मागे भगदाडं उरतात. डोळा तिथेच अडखळतो. टक्केवारीची पट्टीही बंद ठेवा, नाहीतर दर दोन मिनिटांनी नजर तिकडे जाते.

शब्दकोशाची सोय मराठीत फारशी कामाची नाही. 'अंगणातल्यांना'वर बोट दाबलं की काहीच सापडत नाही, कारण कोशात 'अंगण' असतं, प्रत्यय लागलेलं रूप नसतं. मग फोन हातात येतो आणि वाचन तिथेच संपतं. त्यापेक्षा शेजारी कागद ठेवून अडलेले शब्द लिहा आणि प्रकरण संपल्यावर एकदम पाहा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे.

मागच्या पानाची पुसट सावली दिसू लागली, तर दर सहा पानांनी पूर्ण रिफ्रेश (स्क्रीन पूर्ण पुसून पान पुन्हा काढणं) लावा. दर पानाला लावला तर स्क्रीन सतत काळा-पांढरा लुकलुकतो, त्याचाही व्यत्यय होतो.

फोनवरच वाचायचं असेल, तर स्क्रोल बंद करून पान उलटण्याची पद्धत निवडा, कारण सरकत्या मजकुरात ओळीची जागा लक्षात राहत नाही. मग फोन त्याच ॲपमध्ये अडकवून ठेवा: अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करा, आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस लावा. बाहेर पडायला पासकोड लागेल असं दोन्हीत ठरवता येतं, आणि तेवढ्या अडथळ्यानेही हात बऱ्याचदा थांबतो.