कोल्हापुरात ॲनिमेशन आणि व्हिडिओचं शिक्षण: तीन वर्षं शिकून झाल्यावरचा अभिप्राय

बारावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक विचारायला लागतात: पोराला ॲनिमेशनला घालावं का, आणि त्यासाठी पुण्याला पाठवावं लागेल की कोल्हापुरात भागेल? मी कोल्हापुरातल्याच एका कॉलेजातून ॲनिमेशन आणि डिजिटल व्हिडिओ निर्मितीचा बी.व्होक. (कौशल्यावर भर देणारी पदवी) पूर्ण केला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कॉलेजचं नाव मुद्दाम टाळते, कारण उणिवाही लिहायच्या आहेत आणि ज्यांचे माझ्यावर उपकार आहेत असे शिक्षक अजून तिथे शिकवतात. माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच. चार दिलेत ते मुख्यतः पहिल्या वर्षासाठी.

प्रवेशाच्या दिवशी पालकांना लॅब दाखवतात. मोठे मॉनिटर, काळ्या खुर्च्या, भिंतीवर थ्रीडी पात्रांची पोस्टरं. माझे वडीलही ते बघून खूश झाले होते. प्रत्यक्षात पहिल्या सत्रात आम्हाला त्या खुर्च्यांवर बसूच दिलं नाही. मागच्या खोलीत लाइट टेबल होती, म्हणजे खालून दिवा लावलेली काच. त्यावर पेग बारमध्ये, म्हणजे खुंट्या असलेल्या पट्टीत, भोकं पाडलेले कागद अडकवायचे आणि चेंडू काढायचा. चेंडू पडतो, दबतो, उसळतो. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. तीन सेकंदांच्या उसळीला ३६. त्यातलं एक जरी चुकलं तरी चेंडू हवेत अडखळतो, आणि ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

त्यानंतर चाल. माणूस चालतो ते काढणं सगळ्यात कठीण, कारण प्रत्येक माणूस ती रोज बघत असतो. टाच टेकते, अंगाचा भार खाली येतो, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो, शरीर वर उचललं जातं. आमच्यातले बरेच जण आधी चेहरा रंगवायला बसायचे. सर वही उलटी फिरवून म्हणायचे, "पाय जमिनीला टेकलाय का ते आधी बघ. तोंड कुठं पळून जात नाही."

मला या कोर्सचा सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे वर्गाबाहेरचे तास. मंगळवारी सकाळी स्केचबुक घेऊन निघायचं. मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीत चढणारी माणसं अर्ध्या मिनिटात टिपायची: काखेत पिशवी, एका हातात पोर, दुसऱ्या हातानं दांडा धरून चढणारी बाई. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात हमाल पोतं उचलतात ते बघायचं. पोतं पाठीवर येण्याआधी हमाल गुडघ्यात वाकतो, एक श्वास घेतो, पाय थोडे फाकवतो. ती तयारी चित्रात आली नाही तर पोतं कापसाचं वाटतं. पुस्तकात याला अँटिसिपेशन म्हणतात. ॲनिमेशनच्या बारा तत्त्वांची यादी डिस्ने स्टुडिओच्या दोन जुन्या ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये पुस्तकातून मांडली, आणि ती कुठल्याही कोर्समध्ये पाठ करून घेतात. आम्हाला मात्र त्यातली बहुतेक तत्त्वं आधी डोळ्यांना दिसली आणि मग त्यांची नावं कळली.

मर्दानी खेळाचंही तसंच. पेठेतल्या तालमीत लाठी फिरवणाऱ्या मुली बघायला गेलो, तेव्हा सरांनी फक्त लाठीच्या टोकाची वाट कागदावर ओढायला सांगितली. हात, चेहरा काही नको, नुसती रेघ. प्रत्येकाच्या कागदावर कमानीच कमानी उमटल्या. अंग थांबल्यावरही वेणी आणि ओढणी पुढे जात राहतात, हे तिथेच लक्षात आलं. कुस्तीचा आखाडा तर वजन शिकायला इतका उत्तम की दुसरीकडच्या विद्यार्थ्यांना तो कुठून मिळणार, असं मला खरंच वाटतं. दोन अंगं एकमेकांवर रेललेली, तोल कुणाच्या पायात आहे ते ओळखायचं आणि काढायचं. हे सगळं कोल्हापुरात बसच्या तिकिटात मिळतं, आणि हा कोर्स त्याचा उपयोग करून घेतो.

दुसऱ्या वर्षी व्हिडिओ. कॅमेरा रजिस्टरवर सही करून मिळायचा, एका गटाला एक दिवस, दुसऱ्या दिवशी दहाच्या आत परत. इथेही शिकवणं पक्कं होतं. शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा) हे फळ्यावर एकदाच झालं, बाकी सगळं हातात कॅमेरा देऊन. एक उदाहरण देते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. गुजरीतल्या दुकानात दिव्यांखाली शटर १/६० सेकंदावर ठेवून शूट केलं तर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. १/५० किंवा १/१०० वर आणलं की बहुतेक वेळा जातात. यूट्यूबवरचे पुष्कळ धडे अमेरिकेतले असतात, तिथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे ते पाहून शिकलेली मुलं नेमकी इथे अडकतात. महाद्वार रोडला किरणोत्सवाच्या दिवसांत (मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात तेव्हा) मावळतीचं ऊन दर मिनिटाला कसं बदलतं आणि त्यासोबत एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, कसा बदलावा लागतो, हेही मॅडमनी तिथे रस्त्यावर उभं राहून दाखवलं होतं.

आमच्या गटानं माहितीपट केला तो गुऱ्हाळावर. मी कागलकडची, त्यामुळे गुऱ्हाळ माझ्यासाठी नवं नव्हतं. कॅमेऱ्यातून बघायला लागल्यावर मात्र एकेक अडचण उभी राहिली. रस उकळायला लागला की काहिलीवर, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईवर, इतकी वाफ उठते की लेन्स पांढरी होते. चुलवाणातला जाळ तांबडा, वर टांगलेली ट्यूब निळसर, दारातून येणारं ऊन तिसऱ्याच रंगाचं, मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला कॅमेऱ्यानं पांढरं मानायचं ते, कशावर धरायचा? मॅडमचं उत्तर होतं: ट्यूब बंद करायला सांगा आणि जाळाला तांबडाच राहू द्या, लोकांना तो तसाच आठवतो. घाण्याच्या इंजिनाच्या आवाजात मुलाखत ऐकू येईना, म्हणून गुळव्यांना (गूळ शिजवणाऱ्या कारागिरांना) आदण, म्हणजे काहिलीतला शिजलेला रस, उतरल्यावर बाहेर चिपाडांच्या ढिगाशेजारी बसवलं, सदऱ्याला माइक लावला. इंजिनाचा आवाज वेगळा टिपून घेतला आणि एडिटिंगमध्ये तो बोलण्याखाली मंद ठेवला. मी काहिलीच्या अगदी काठाशी गेले तेव्हा गुळवेतात्या ओरडले, "पोरी, त्यो कॅमेरा वाईच मागं घे. उडलं म्हंजे कातडं सोलंल." ते वाक्य आम्ही माहितीपटात ठेवलं. प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यात जास्त दाद त्यालाच मिळाली.

त्याच गुऱ्हाळाचा पुढे ॲनिमेशनलाही उपयोग झाला. रस पाण्यासारखा सळसळतो, काकवी झाली की धार लांबते, आणि गूळ वाफ्यात, म्हणजे थंड व्हायच्या खोलगट जागेत, ओततात तेव्हा तो जड होऊन हळूहळू पसरतो. त्या तीन अवस्थांचं टायमिंग मी हातानं काढलं. ते काम आजही माझ्या शोरीलमध्ये, म्हणजे निवडक कामांच्या व्हिडिओत, पहिलं आहे.

आता कापलेल्या एका गुणाबद्दल.

लॅब पाचला बंद होते. ॲनिमेशनच्या कॉलेजात ही गोष्ट चालण्यासारखी नाही. दहा सेकंदांचा थ्रीडी शॉट म्हणजे २४० फ्रेम. एका फ्रेमला तीन मिनिटं धरली तरी रेंडर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरनं अंतिम चित्रं तयार करायला, १२ तास लागतात. मशीन रात्रभर चालू ठेवायची परवानगी अंतिम वर्षातसुद्धा अर्ज करकरून मिळाली, आणि वीज गेली की यूपीएस काही मिनिटांतच दम टाकायचा. पेन टॅब्लेट (पेननं कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या पाट्या) वर्गाला पुरतील इतक्या नव्हत्या, पाळीनं वापराव्या लागत. थ्रीडी शिकवणारे सर दुसऱ्या वर्षाच्या मध्यात नोकरी सोडून गेले आणि उरलेलं सत्र आम्हाला व्हिडिओ लावून दाखवण्यात गेलं. त्या विषयात माझी पिढी कच्ची राहिली, आणि त्याचा राग मला अजूनही आहे. प्रवेश घेण्याआधी थ्रीडी कोण शिकवतं, ते कायम नेमणुकीवर आहेत की तासिका तत्त्वावर, हे स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

थिअरीचे पेपर. बी.व्होक.मध्ये साधारण ६० टक्के श्रेयांक कौशल्याचे आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचे असतात. नियम ठीक आहे. पण आमच्या नोट्स इंग्रजीत, आणि वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमातली. वर्गात शिक्षक मराठीतून छान समजावायचे, परीक्षेत मात्र व्याख्या इंग्रजीत लिहायच्या. चालीवर हात बसलेली माझी एक मैत्रीण त्या पेपरात मागे पडली तेव्हा फार वाईट वाटलं.

आणखी एक उणीव मनाला लागते. सिनेमाच्या इतिहासाच्या पेपरात परदेशी नावं भरपूर होती, कोल्हापूर दोन ओळींत आटोपलं. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, कापडी पडद्यावर रंगवलेल्या देखाव्याऐवजी खरे उठावदार सेट बांधले, स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. चित्रकार, सुतार, मेकॅनिक यांनी मिळून सिनेमा उभा केला, हे आमच्यासारख्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगायला हवं. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आम्ही रोज ओलांडायचो. तिथे एक तास घेतला असता तर किती बरं झालं असतं!

सॉफ्टवेअरबद्दल पालकांना फार काळजी असते, त्याबद्दल थोडक्यात. आमच्याकडे माया (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) आणि अडोबीची सॉफ्टवेअर शिकवली, सोबत ब्लेंडर, तेही थ्रीडीचंच. ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे, २००२ पासून मुक्त स्रोत (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आहे, आणि २०२५ मध्ये ऑस्कर जिंकलेला लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट त्यावरच बनला. एडिटिंग आणि रंगसंस्कारासाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याला पुरेशी आहे. त्यामुळे "आमच्याकडे अमुक सॉफ्टवेअर आहे" या जाहिरातीवर फार भाळू नका.

नोकरीचं काय? माहितीपत्रकात "१०० टक्के प्लेसमेंट" असं छापलं होतं. माझा अनुभव असा: अंतिम वर्षात पुण्याच्या काही कंपन्या आल्या, आणि त्यांनी दिलेलं काम बहुतेक रोटोचं होतं, म्हणजे शॉटमधल्या माणसाची कड फ्रेम-फ्रेमनं कापून वेगळी करायची. ते काम कमी प्रतीचं आहे असं मी म्हणणार नाही. व्हीएफएक्समध्ये (सिनेमातल्या दृश्य-करामतींच्या कामात) शिरण्याचा तो रुळलेला रस्ता आहे आणि माझे दोन वर्गमित्र त्यातूनच आज कंपोझिटिंगला, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र जुळवण्याच्या कामाला, पोचलेत. पण मुलाच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पात्रं हलवायची स्वप्नं असतील तर त्याला हे आधीच माहीत असावं. कोल्हापुरात राहायचं तर लग्नाचे हायलाइट, सराफांच्या जाहिराती, शिकवण्यांचे व्हिडिओ, निवडणुकीच्या काळातली कामं हे मुख्य. मी सध्या शेतीविषयक मराठी व्हिडिओंसाठी ॲनिमेशन करते. ठिबकच्या नळीतून उसाच्या मुळापर्यंत पाणी कसं पोचतं, हुमणी (मुळं खाणारी अळी) जमिनीत कुठे असते, असलं दाखवायचं. गावाकडच्या काकांनी एक व्हिडिओ पाहून फोन करून नळीच्या अंतराबद्दल विचारलं, तेव्हा तीन वर्षांचं चीज झालं असं वाटलं.

आधी पुण्याच्या महागड्या संस्थेत चौकशी केलेल्यांना हे सांगेन: तुलना करायचीच तर दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांच्या स्केचबुका मागून बघा. अंतिम वर्षाचे शोरील सगळेच घासूनपुसून ठेवतात. आणि कामाची चिकित्सा कशी होते ते विचारा. आमच्याकडे दर शुक्रवारी सगळ्यांची कामं पडद्यावर लावून सगळ्यांसमोर बोललं जायचं. पहिल्या महिन्यात काही मुली रडल्या. सरांनी कुणालाही हिणवलं नाही, पण चुकलेली फ्रेम थांबवून दाखवल्याशिवाय सोडलंही नाही. दुसऱ्या सत्रापासून आम्हीच एकमेकांच्या चुका दाखवायला लागलो, आणि माझ्या मते शिक्षण तिथून सुरू झालं.

बाहेरगावच्या मुलींसाठी: राजारामपुरीत खोल्या आणि मेस मिळतात, परिसर सुरक्षित वाटला. कागल, हातकणंगले, पन्हाळ्याकडून रोज ये-जा करणारेही बरेच होते, फक्त अंतिम प्रकल्पाच्या दोन महिन्यांत शहरात राहायची सोय करा. शेवटची बस धरायची म्हणून एडिट अर्धवट सोडून पळावं लागतं.

खर्चाबद्दल एकच सूचना. लॅपटॉप पहिल्या सत्रात घेऊ नका, तेव्हा तो लागतच नाही. आधी ५,००० रुपयांच्या आतली साधी पेन टॅब्लेट घ्या आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर क्रिता (चित्र काढायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून हात बसवा. दुसऱ्या वर्षी मुलाचा कल थ्रीडीकडे आहे की व्हिडिओकडे हे दिसल्यावर मशीन ठरवा. थ्रीडी असेल तर ग्राफिक्स कार्डावर पैसे घाला. व्हिडिओ असेल तर चांगला स्क्रीन, ३२ जीबी रॅम आणि फूटेज दोन ठिकाणी ठेवायला दोन वेगळ्या हार्ड डिस्क घ्या.