एमजीबीसाठी तारांची चाकं की साधी स्टीलची?

यवतेश्वरच्या घाटात जुनी एमजीबी (दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चढताना तारांच्या चाकांचा थाट काही औरच. पण साताऱ्याचा पाऊस एकदा लागला की त्या साठ आऱ्यांच्या बेचक्यांत चिखल बसतो, आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी अर्धा रविवार अंगणात उकिडवा! प्रत्येक आरी पान्याने हलकेच वाजवून बघतो. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला की ती सैल. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) दात्यांना ग्रीस हवंच, नाहीतर ते झिजतात आणि ब्रेक दाबला की ‘टक्’ ऐकू येतं. चाक धरून ठेवणारी मधली चक्री तांब्याच्या हातोड्याने ठोकायची, आणि उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे विसरायचं नाही. आत ट्यूब आणि रिमपट्टी लागतेच, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा जाते.

स्टीलच्या चाकाला चार नट, बास. रिमला आतून हम्प (टायरची कड जागेवर धरणारा उंचवटा) असेल, गंज नसेल तर ट्यूबलेसही चालतो.

टायर दोन्हींना १४ इंची. १६५/८० आर १४ हे माप डिझायरला असतं, त्यामुळे शोधाशोध नाही. फक्त बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी दहा वर्षांचा टायर मी घाटात नेणार नाही.

एकातून दुसऱ्यात जायचं तर हबही बदलावे लागतात. रोज चालवणाऱ्याने स्टीलच घ्यावी. मी मात्र ब्रश सोडलेला नाही.