मालवणचा पहिला डाईव्ह, तारकर्लीचा कोर्स आणि ग्रँड आयलंडचा रेक: पैसे कशाचे द्यायचे

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समुद्राकडच्या अंगाला, खडकांच्या आडोशाने मालवणची मंडळी नवख्यांना स्कूबासाठी उतरवतात. पाच-सहा मीटर पाणी, तळाला कातळ, त्यावर प्रवाळ, वर नांगरलेली बोट आणि प्रत्येक पाहुण्याला एक गाईड. पोहता येत नसलं तरी चालतं. अंदमानच्या मानाने खर्च बराच कमी, आणि पुण्या-मुंबईहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी पाण्यात उतरता येतं. जागेला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ. गाईडमधली बरीच मुलं दर्यावर्दी घरातली आहेत. वारा फिरला, करंट वाढला की त्यांना आधी कळतं, आणि ही जाण कुठल्या प्रमाणपत्राने येत नाही.

सेवेचे गुण मात्र बोटीगणिक बदलतात, आणि तो फरक दरपत्रकात दिसत नाही. तो दिसतो पाण्यात उतरण्याआधीच्या अर्ध्या तासात. एका बोटीवर हा अर्धा तास पुरा मिळतो, दुसरीवर पाच मिनिटांत उरकतात. दोन्हीकडचा व्हिडिओ सारखाच सुंदर येतो. म्हणून व्हिडिओ बघून बोट ठरवू नका.

या अर्ध्या तासातला मोठा वाटा कानाचा. पाण्याच्या पृष्ठभागावर दाब 1 बार (बार हे दाबाचं माप) असतो, 10 मीटरवर 2 बार. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. पुढच्या दहा मीटरमध्ये तो फक्त दीडपट होतो. ‘उथळच आहे, कानाला काही होणार नाही’ असं बोटीवर सर्रास सांगतात, ते चुकीचं आहे. सगळ्यात जास्त त्रास याच पट्ट्यात होतो. दीड-दोन मीटरवरच कानाचा पडदा आत ढकलला जातो आणि दुखायला लागतं. उपाय असा: मास्कवरून नाक चिमटीत धरायचं आणि नाकातून हवा सोडतोय असा हलका दाब द्यायचा, की कानात ‘टप्’ होतं. हे दर अर्ध्या ते एक मीटरला, दुखायच्या आधी करायचं. दुखेपर्यंत थांबलात तर घशापासून कानाकडे जाणारी नळी दाबाने मिटलेली असते, ती मग फुंकून उघडत नाही. अशा वेळी जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. खूण करून मीटरभर वर यायचं, कान मोकळा करायचा, पुन्हा उतरायचं. डोकं वर, पाय खाली ठेवून दोरीला धरून सावकाश उतरलं तर कान सहज सुटतात. डोकं खाली करून उतरवणाऱ्या गाईडला थांबवा.

सर्दी असेल तर डाईव्ह पुढे ढकला. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा सल्ला ऐकू नका. तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना कानात हवा कोंडते, आणि हवा कोंडली म्हणून वर न येता खाली थांबता येत नाही.

दुसरा नियम श्वासाचा: तो कधीही रोखायचा नाही. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, साधीच हवा दाबून भरलेली असते, आणि तोंडात धरायचा रेग्युलेटर ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने देतो. त्या दाबाची हवा छातीत भरून, श्वास धरून कोणी घाबरून वर आलं तर फुप्फुसात हवा फुगते. दीड मीटरवरूनही त्याने गंभीर इजा होऊ शकते. चांगला गाईड हे तुमच्याकडून पुन्हा वदवून घेतो आणि मग बोटीच्या शिडीला धरून, चेहरा पाण्यात बुडवून, तोंडाने श्वास घेण्याचा सराव करवतो. पाच मिनिटं पुरतात. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला तेवढा वेळ लागतोच. ज्या बोटीवर हा सराव नाही, तिथे पाणी नाकात गेलं की माणूस घाबरतो, मास्क ओढतो आणि डाईव्ह दोन मिनिटांत संपतो. पैसे परत मिळत नाहीत.

खुणांकडेही लक्ष द्या. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली ‘मला वर न्या’. कॅमेरा समोर आला की आपल्या लोकांचा अंगठा आपोआप वर जातो, आणि सरावलेला गाईड लगेच वर न्यायला लागतो. ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जोडून केलेला गोल. अडचण असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा, मग जिथे त्रास होतोय ती जागा बोटाने दाखवायची.

आता वेळेचा हिशोब, कारण सर्वांत जास्त नाराजी इथे होते. ‘हवा संपत आली’ असं सांगून आठ-दहा मिनिटांत वर काढणाऱ्या बोटी आहेत. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर 11.1 लिटरचा असतो आणि साधारण 200 बारपर्यंत भरतात. शेवटचे 50 बार राखीव सोडले तर 150 बार, म्हणजे सुमारे 1,665 लिटर हवा वापरायला उरते. घाबरलेला नवखा माणूस मिनिटाला 30 लिटर ओढतो असं धरू. सहा मीटरवर दाब 1.6 बार, म्हणजे खर्च मिनिटाला 48 लिटर. ही हवा 34 मिनिटं पुरते. पूर्ण भरलेल्या सिलिंडरवर दहा मिनिटांत हवा संपत नाही. एक तर सिलिंडर लहान आहे, नाही तर तोच सिलिंडर आधीच्या पाहुण्याने अर्धा वापरलेला आहे, किंवा पुढची खेप किनाऱ्यावर ताटकळते आहे. पैसे देण्याआधी विचारा: पाण्याखाली किती मिनिटं, आणि सिलिंडर माझ्यासाठी नवा लावणार का? सिलिंडरमधला दाब दाखवणारा प्रेशर गेज बघायला मागा. तो दाखवायला काचकूच करणाऱ्या बोटीवर चढू नका.

गेज हातात आल्यावर रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या आणि काटा बघा. श्वासागणिक काटा खाली झुकून परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. वर श्वास नीट मिळतो, खाली गेल्यावर कमी पडतो. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर नाकारा. कॉम्प्रेसरची हवा घ्यायची नळी इंजिनाच्या धुराजवळ असली की कार्बन मोनॉक्साईड आत जातो. त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून धुराचा वास हाच इशारा समजायचा. सिलिंडरच्या खांद्यावर दाबचाचणीचा महिना आणि साल कोरलेलं असतं, तेही वाचा. माऊथपीसचे दातात धरायचे रबरी तुकडे फाटलेले असतील तर तोंडात पाणी झिरपत राहतं. गाईडकडे पिवळ्या नळीचा जादा रेग्युलेटर लटकत असलाच पाहिजे.

मास्कची परीक्षा सोपी आहे. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास ओढायचा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कडा दुमडून वाढते. केस कडेखाली अडकू देऊ नका. दाट मिशी असेल तर वरच्या ओठाजवळून थोडं पाणी येणारच, तिथे थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की बरंच थांबतं. खाली जाताना नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडत राहा, नाही तर मास्क चेहऱ्याला ओढून धरतो आणि डोळ्यांत रक्त उतरल्यासारखं दिसतं. चष्मेवाल्यांनी नंबरची काच मिळते का ते आदल्या दिवशीच विचारावं.

आरोग्याचा फॉर्म येतो तेव्हा ‘सगळीकडे नाही लिहा’ असं सांगणारा माणूस जवळपास असतोच. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर खरं लिहा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. मुलांसाठी दहा वर्षं ही पाडी (PADI) या आंतरराष्ट्रीय स्कूबा संस्थेच्या ओळख-डाईव्हची, म्हणजे नवख्यांच्या पहिल्या डाईव्हची, किमान मर्यादा आहे. त्यात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार जण आणि 12 मीटर खोली चालते. मालवणात एकास एक गाईड मिळतो, ही बाजू निर्विवाद चांगली.

खाली बघायला काय आहे? अंदमानसारखी रंगीत फांद्यांची बाग इथे नाही. पोराईट्ससारखे गोलाकार, दगडासारखे दिसणारे प्रवाळ, टर्बिनारियाच्या वाट्या-पाकळ्या, मधूनमधून काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे, फुलपाखरू मासे, रास (wrasse) मासे, कपारीत लपलेला एखादा ईल. गढूळ आणि कष्टाच्या पाण्यात तग धरलेलं प्रवाळ म्हणून ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. 1987 मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेलेला तुकडा उचलून पिशवीत टाकणं हाही गुन्हा ठरतो.

म्हणूनच पाव आणि बिस्किटं टाकून मासे जमवण्याची पद्धत मुळातून बंद झाली पाहिजे. व्हिडिओत माशांचा गराडा दिसावा म्हणून हे करतात. शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवणारे मासे पावाला चटावतात, दांडगे सार्जंट मेजर बाकीच्यांना हुसकावतात, आणि शेवाळ वाढत जातं. फोटोसाठी पाहुण्याला प्रवाळावर गुडघे टेकायला लावणं त्याहून वाईट. पोराईट्स वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. नांगर प्रवाळावर टाकतात की बोट कायमच्या बोयाला बांधतात, हेही विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की बोटी सुधारतात.

वेळ निवडताना पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त धावतं, गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी संथ आणि त्यातल्या त्यात स्वच्छ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळची पहिली खेप घ्या, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा वाढतात आणि बोटीवर उलट्या सुरू होतात. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

ज्यांना पुन्हा पुन्हा उतरायचं आहे त्यांनी ओळख-डाईव्हवर दुसऱ्यांदा पैसे घालू नयेत. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि तिचा मुद्दाम स्कूबासाठी बांधलेला खोल तलाव ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राच्या कोर्सला साधारण तीन-चार दिवस लागतात. 200 मीटर न थांबता पोहणं, दहा मिनिटं तरंगणं, मास्क पाण्याने भरून रिकामा करणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधणं, हवा संपल्यावर सोबत्याची हवा घेणं, आणि समुद्रात चार डाईव्ह. त्यानंतर 18 मीटरपर्यंत जाता येतं. मास्क रिकामा करण्यात बहुतेक जण अडकतात. स्वच्छ, संथ तलावात तो सराव झाला की समुद्रात घाबरगुंडी उडत नाही.

रेक, म्हणजे बुडालेलं जहाज, बघायचा तर सध्या गोवा. मुरगावसमोरच्या ग्रँड आयलंडभोवती ज्या जागा आहेत, त्यांत सुझीज रेक नावाजलेला. मोडून पसरलेलं पोलादी जहाज, खोली मध्यम, पण पाणी कधी तीन मीटरही दिसू देत नाही. प्रमाणपत्र असलेल्या डाईव्हरने डाईव्ह शॉपची स्वतंत्र बोट घ्यावी. डॉल्फिन, स्नॉर्केलिंग आणि जेवण एकत्र विकणाऱ्या गर्दीच्या सहलीत स्कूबाला सर्वांत कमी वेळ मिळतो. गंजलेल्या पत्र्यावर कालवं चिकटलेली असतात, ती वेटसूटही फाडतात. स्कॉर्पियनफिश हा विषारी काट्यांचा मासा गंजाच्याच रंगाचा असतो, म्हणून हात कुठेही टेकू नका. सांगाड्याला मच्छीमारांची जुनी जाळी अडकलेली असतात. गाईडकडे कापायचं हत्यार हवं, आणि जाळ्यात अडकलात तर वळू नका, वळल्याने जास्त गुंतता. आत शिरायचं नाही. पायातल्या फिनच्या एका फटक्यात गाळ उठतो आणि आलेली वाट दिसेनाशी होते. आत जायला वेगळं प्रशिक्षण, दोरीचं रीळ आणि दोन टॉर्च लागतात.

नौदलाने जानेवारी 2024 मध्ये निवृत्त केलेलं, सुमारे 84 मीटर लांबीचं आयएनएस गुलदार निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा एमटीडीसीचा प्रकल्प आहे. मालवणातून तिथे जाणाऱ्यांना पहिल्या डाईव्हचा अनुभव पुरणार नाही, ओपन वॉटर तरी करून ठेवा.

परतीच्या प्रवासाचं नियोजन बोटवाले सांगत नाहीत. नियम असा, की एका डाईव्हनंतर 12 तास आणि लागोपाठ अनेक डाईव्हनंतर 18 तास विमानात बसायचं नाही. हाच नियम सुमारे 600 मीटरच्या वरच्या उंचीलाही लागू होतो, आणि आंबोली सातशेच्या आसपास आहे. गोव्यात दुपारी दोन डाईव्ह करून संध्याकाळी आंबोली घाटाने कोल्हापूर गाठायचा बेत असेल तर तो दुसऱ्या दिवशी दुपारवर ढकला.