वादळामागची टूर: पैसे गाईडच्या डोक्याचे

वादळांचा पाठलाग करणाऱ्या टूरमध्ये टोरनॅडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, दाखवायची हमी देणाऱ्या कंपनीकडे एक रुपयाही भरू नका. अमेरिकेच्या मैदानी भागात मे ते जूनची सुरुवात हा ऐन हंगाम, तरी ओळीने चार दिवस आभाळ कोरडं राहू शकतं. आमच्या कंपनीने हे फोनवरच स्पष्ट सांगितलं, म्हणून मी ओक्लाहोमाला गेलो. खरा माल म्हणजे गाईड. आमच्या गाईडला मी पैकीच्या पैकी देतो.

सकाळी हॉटेलच्या लॉबीत तो नकाशे उघडून बसायचा. नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा अंदाज, पहाटे सोडलेल्या फुग्यांनी मोजलेले वारे, सगळं समजावून सांगायचा. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा जिथे भिडते ती ड्रायलाइन दुपारी कुठे असेल, यावर आमचा दिवस ठरे. वर जाताना वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असेल तरच ढग फिरू लागतो. जन्मभर द्राक्षबागेच्या काळजीने हवामानाचे अंदाज ऐकले, पण असं उलगडून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग व्हॅन. दिवसाला पाच-सहाशे किलोमीटर सहज होतात आणि जेवण बऱ्याचदा पेट्रोल पंपावर. शाकाहारी असाल तर दशम्या आणि चिवडा नाशिकहून बांधून न्या.

कॅन्ससच्या हद्दीजवळ सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारा गडगडाटी ढग, सापडला. आम्ही ढगाच्या आग्नेयेला, निघायचा रस्ता मोकळा ठेवून उभे होतो. गरम, दमट वारा पाठीवरून ढगाकडे ओढला जात होता, गव्हाच्या ओंब्या सगळ्या त्याच दिशेला वाकलेल्या. ढगाचा काळानिळा तळ जात्याच्या पाळीसारखा सावकाश फिरत होता. त्याखाली वॉल क्लाउड, म्हणजे ज्यातून टोरनॅडो निघू शकतो तो ढगाचा लोंबता भाग, उतरला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात पावसाने सगळं झाकलं आणि गाईडने व्हॅन दक्षिणेला वळवली. काही जण कुरकुरले. त्याने ओक्लाहोमातल्याच एल रिनोची गोष्ट सांगितली. 31 मे 2013 ला तिथला टोरनॅडो 4.2 किलोमीटर रुंद झाला, झपाट्याने दिशा बदलत गेला. त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. वादळांच्या अभ्यासात मुरलेली माणसं. पावसात लपलेल्या टोरनॅडोजवळ पाहुणे न्यायचे नाहीत, हा त्याचा नियम. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

पुढे लिंबाएवढ्या गारा पडल्या. थांबल्यावर पाहिलं तर रस्त्याकडेचा गहू आडवा. पिवळा पडलेला, कापणीला आलेला. व्हॅनमध्ये टाळ्या वाजल्या आणि माझ्या पोटात कालवलं. निफाड-दिंडोरीत फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे घड भरलेले असताना गारा आल्या की घराघरात काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मी गाईडशी बोललो. त्याने लगेच सगळ्यांना बजावलं: शेतात पाय ठेवायचा नाही, कुणाच्या नुकसानीचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. हे पहिल्याच सकाळी सांगायला हवं होतं. कंपनीबद्दल तक्रार एवढीच.

हॉटेल टूरमध्ये धरलेलं होतं; जेवण आणि विमान वेगळं. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा आधीच्या वर्षीच सुरुवात करा. कंबर दुखत असेल तर जाऊ नका. आणि बागाईतदारांनो, मे अखेरीस सबकेनची, म्हणजे द्राक्षवेलीच्या उपफांद्यांची, कामं चालू असतात, बागेवर घरचं माणूस ठेवूनच निघा.